नाताळची अडतीस नावं

कुणाच्याही घरी गेल्या की काकू आधी टॉवेलची घडी नीट करायच्या. गप्पा चालू, हात घडीवर.

खिशात हात घालण्याआधी खिसा बाहेरून थोपटायच्या. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही. एकदा बसथांब्यावर एका अनोळखी माणसाचा खिसा थोपटून त्या म्हणाल्या होत्या, "पेन आहे हो आत. धुवायला टाकाल तसंच."

वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायच्या.

नाही म्हणायचं असलं की आधी "हं" म्हणायच्या. "हं" जितका लांब तितकं नाही पक्कं.

कुठल्याही फॉर्मवर धर्माचा रकाना आला की पट्टी मागायच्या आणि त्यात सरळ आडवी रेघ मारायच्या. पट्टी नसली तर थांबायच्या. "रेघ वाकडी आली तर त्यांना वाटेल, घाबरत मारली."

जेवताना शेवटचा घास आधीच ताटात बाजूला काढून ठेवायच्या.

पोलीस ठाण्यातल्या माणसाने विचारलं, "बाईंची ओळखण्याची खूण काय?" मला एकही सांगता आली नाही. तीळ नाही, व्रण नाही. उंची मध्यम. वय अठ्ठावन्न. मला फक्त या सवयी आठवल्या. त्याने पेन खाली ठेवलं.

आज चौथा दिवस आहे.

काकू इस्पितळाच्या लाँड्रीत होत्या. चौतीस वर्षं. लाँड्री तळघरात आहे. जमिनीवर एक पिवळा पट्टा रंगवलेला आहे. पट्ट्याच्या एका बाजूला मळकं कापड, दुसऱ्या बाजूला स्वच्छ. मळक्या बाजूचा माणूस हात धुतल्याशिवाय पट्टा ओलांडत नाही. मधे मशीनं. पलीकडे बॉयलर.

तीन वर्षांपूर्वी मी तिथे लागले. साहित्यात पदवी घेतली होती आणि दुसरी नोकरी मिळत नव्हती. काम होतं स्वच्छ बाजूला चादरी मोजायचं.

"मोजता येतं ना?" काकूंनी विचारलं.

"येतं."

"मग पदवीचं कुणाला सांगू नकोस. सगळ्यांची पत्रं लिहीत बसशील."

मी सांगून चुकले होते. आठवड्याभरात पाच अर्ज आणि एक प्रेमपत्र लिहून झालं. बॉयलरवाल्याने माझं नाव 'लेखिकाबाई' ठेवलं. काकूंचं नावही त्यानेच ठेवलेलं. युनियनच्या लाँड्री शाखेच्या सेक्रेटरी त्याच, म्हणून कॉम्रेडकाकू. पुढे नुसत्या काकू.

काकूंचा देवावर विश्वास नव्हता. त्यांच्या आईचा होता. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघीच राहायच्या. आई सकाळी मोठ्याने प्रार्थना करायची आणि काकू चहाचा कप घेऊन शेजारी उभ्या राहायच्या.

"आई, देवाला सांग, चहा निवतोय."

"सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या लेकीला जरा दम धरायला शिकव."

हे रोज चालायचं. मी निदान दहा वेळा ऐकलं असेल. दोघींना दर वेळी हसू यायचं.

आता वहीबद्दल सांगायला हवं.

लाँड्री कधी बंद नसते. सण कुणाचाही असो, पेशंटच्या अंगाखाली चादर लागतेच. पूर्वी कुणाला कधी सुट्टी द्यायची हे सुपरवायझर ठरवायचा. ज्याच्यावर मर्जी त्याला सुट्टी. बावीस वर्षांपूर्वी लाँड्रीने दोन दिवस संप केला आणि त्यातून बदलीची वही आली. ज्याने त्याने आपल्या सणाची तारीख वहीत लिहायची. त्या दिवशी त्याचं काम दुसऱ्या धर्माच्या माणसाने करायचं. परतफेड त्याच्या सणाला.

पहिल्याच वर्षी घोळ झाला. काही जणांनी सगळ्यांचेच सण लिहिले. बॉयलरवाल्याने नाताळसुद्धा लिहिला. कारण विचारलं तर म्हणाला, "मला केक आवडतो." मग काकूंनी पट्टी घेतली आणि वहीत धर्माचा एक रकाना वाढवला. सण कुठला, म्हणजे माणूस कुठला. घोळ मिटला. सगळ्यांना सुट्ट्या मिळू लागल्या. वही खिळ्याला टांगलेली असायची, स्वच्छ बाजूच्या दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

काकूंच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. त्यामुळे त्यांना सगळ्यांच्या सणाला काम पडायचं. नाताळच्या दिवशी सकाळची पाळी त्यांचीच, सहा ते दोन. दोननंतर हात धुऊन त्या शिंपीणबाईंच्या घरी जायच्या.

शिंपीणबाई आमच्याकडे फाटक्या चादरी शिवतात. नाताळ त्यांचा. लाँड्रीत असे सहा जण आहेत. शिंपीणबाईंच्या खिडकीत कागदाची चांदणी असायची. घरची माणसं गायला उभी राहिली की काकूही उभ्या राहायच्या. गायच्या नाहीत. हात मागे बांधलेले. गाणं संपलं की शिंपीणबाईंचे यजमान म्हणायचे, "आमच्याकडे नास्तिक एकच येते. तिला केकचे दोन तुकडे."

पहिल्या वर्षी मीही गेले होते. परत येताना विचारलं, "काकू, तुम्ही मानत नाही, मग जाता कशाला?"

"बोलावतात म्हणून."

"एवढंच?"

 मग म्हणाल्या, "बाळ गोठ्यात जन्मलं म्हणतात ना? कापडात गुंडाळलं म्हणतात. बाळंतपणाची कापडं तू मळक्या बाजूला पाहिली आहेस. त्या दिवशीची कुणी धुतली?"

"ते कुठे लिहिलेलं नाही."

"नाही ना? माझा नाताळ त्या धुणारीचा."

युनियनच्या अध्यक्षांना हे पटायचं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत तो वाद झाला. इतिवृत्त लिहायला मी होते.

"आज बदली, उद्या युनियनच्या खोलीत नाताळचं झाड लावाल," अध्यक्ष म्हणाले.

"लावू. कुंडी तुमच्याकडून."

"बाई, हा दुकानदारांचा सण झालाय. आपण कशाला त्यात पडायचं? धर्म ज्याच्या त्याच्या घरात. युनियनने त्याकडे बघायचंच नाही."

"हं. दुकानातल्या पोरींना त्या आठवड्यात बारा-बारा तास उभं करतात. त्याचं निवेदन मीच लिहिलं होतं. पण ही सुट्टी लढून मिळालीय. लढणाऱ्यांत मानणारे होते, न मानणारेही होते. कुणी ती प्रार्थनेत घालवली की लोळून, हे विचारणारी मी कोण?"

"पण तुम्ही विचारताच की. वहीत रकाना आहे."

काकू "हं" म्हणाल्या नाहीत. मी इतिवृत्तात पुढचा विषय लिहिला.

या वर्षी पावसाळा सरल्यापासून शहरात काही मंडळी घरोघर फिरू लागली. स्वच्छ कपडे, नम्र बोलणं. विचारायची, कोण शहरात कधी आलं, कोण कुठे प्रार्थनेला जातं, आजोबा कुठल्या धर्माचे होते. उत्तरं लिहून घ्यायची. आमच्या रस्त्यावरच्या एका दुकानाच्या खिडकीत चांदणी होती. काच फुटली. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी नवी काच बसवली. चांदणी लावली नाही.

आठ डिसेंबरला सुपरवायझरने परिपत्रक वाचलं. पाठ आमच्याकडे, तोंड भिंतीकडे. पंचवीस तारखेची सुट्टी हवी असणाऱ्यांची नावं, कारण आणि सही. चोवीस तारखेला दुपारी बारापर्यंत ऑफिसात पोचली पाहिजेत.

"आणि वही पण वर मागवलीय."

"वर म्हणजे कितव्या मजल्यावर?" बॉयलरवाल्याने विचारलं.



"मला काही विचारू नका," सुपरवायझर म्हणाला. "मला बायकामुलं आहेत."

"वही युनियनची आहे," काकू म्हणाल्या. "मिळणार नाही."

तीन दिवसांनी मी सकाळी आले तेव्हा काकू वहीसमोर उभ्या होत्या. वही खिळ्यालाच होती. गेल्या डिसेंबरचं पान नव्हतं. फाडलेलं नव्हतं. ब्लेडने कडेलगत कापलेलं होतं, इतकं सफाईदार की मागचं पान जागचं हललं नव्हतं. त्या पानावर सहा नावं होती.

काकू कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होत्या. 

"रकाना मी आखला," त्या म्हणाल्या. "त्यांना काही शोधावंच लागलं नाही."

त्याच आठवड्यात शिंपीणबाईंच्या घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. रंगकाम काढायचंय म्हणे. अकरा वर्षं भिंतींना रंग लागला नव्हता. मग त्यांच्या मुलीच्या शाळेत कुणीतरी येऊन ती किती वाजता सुटते ते विचारून गेलं. शाळेने सांगितलं.

शिंपीणबाई काकूंकडे आल्या तेव्हा मी शेजारच्या टेबलावर अभ्रे मोजत होते.

"काकू, माझं नाव काढा. मला सुट्टी नको. मी पंचवीसला कामावर येते. चांदणी नाही, केक नाही, काही नाही. आम्ही दार लावून बसतो."

"अगं, बस आधी."

"बसत नाही. लिहून द्या ना कुठेतरी, की मी पाळत नाही म्हणून. तुम्ही पण पाळत नाही, तुम्हाला कुठे कोण काय करतं?"

काकूंनी त्यांच्या हातातली चादर घेतली आणि दोघींनी मिळून तिची घडी केली. चार पदरी, मग आठ.

"तू असं लिहून दिलंस की पुढच्या महिन्यात ते आणखी काहीतरी लिहून मागतील," काकू म्हणाल्या. "दोन दिवस दे मला."

त्या अध्यक्षांकडे गेल्या. मला बरोबर नेलं. अध्यक्षांनी दार लावून घेतलं आणि पंखा मोठा केला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. तुमचं बरोबर होतं. आता काय करायचं?"

"वही जाळा."

"पान आधीच गेलंय. वही जाळली तर ते पान खरं असल्याचा शिक्काच बसेल."

"मग मी काय करू? युनियनचं नाव यात आणू नका, एवढंच म्हणेन. बाकीच्या खात्यांचाही विचार करावा लागतो मला."

जिन्यात काकू म्हणाल्या, "बिचाऱ्याचा हात बघितलास? पंख्याचं बटण दाबताना दोनदा चुकला."

त्यांचाही हात कठड्यावर घट्ट होता. 

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला त्यांनी सगळ्यांना चादरी इस्त्री करायच्या रोलरपाशी बोलावलं. एक कोरा कागद टेबलावर ठेवला. पट्टीने ओळी आखलेल्या, एक ते अडतीस. लाँड्रीत आम्ही अडतीस आहोत.

"परिपत्रकात काय म्हटलंय? पंचवीसची सुट्टी हवी त्यांनी नाव द्या. मला हवी आहे. मी पहिली सही करते. तुम्हीही करा. सगळ्यांनी."

"सगळ्यांचा नाताळ?" बॉयलरवाला म्हणाला.

"सगळ्यांचा. ऑफिसचा शिक्का या कागदावर बसू दे. कापलेलं पान कुणाच्या खिशात असेल ते असेल."

"कारण काय लिहायचं?"

"नाताळ. एकच शब्द. सगळ्यांचा तोच."

"आणि पेशंट?"

"सुट्टी मागायची आणि कामावर यायचं. सगळ्यांनी यायचं. बारापर्यंत काम उरकेल. मग इथेच बसू." त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "सहा जणांना न्यायला एक गाडी पुरते. अडतीस जणांना नेलं तर चादरी कोण धुणार?"

 दोघांनी चहाचे कप उचलून धुवायला नेले.

"काकू, मी तुमच्या पाया पडतो," बॉयलरवाला म्हणाला. "आमच्या गल्लीत कळलं ना, तर मलाच मशीनमध्ये घालून काढतील. गरम पाण्याच्या."

"तू बावीस वर्षांपूर्वी हौसेने लिहिलं होतंस की."

"तेव्हा केक होता."

यावर काही जण हसले. हसणं लवकर संपलं.

त्या दिवशी पाच सह्या झाल्या. शिंपीणबाई कागदाजवळ आल्याच नाहीत. काकू त्यांच्याकडे गेल्या. "तुमची सहा जणांची सही शेवटी. आधी बाकीचे बत्तीस. ते झाले की मग तुम्ही करा. तोवर तुम्हाला कुणी विचारणार नाही. मीसुद्धा."

मी म्हटलं होतं, विचार करून सांगते. माझी सही एकोणिसावी आहे.

काकू एकेकाला गाठत होत्या. कुणाबरोबर मळक्या बाजूला पिशव्या उघडत, कुणाबरोबर बसथांब्यापर्यंत चालत. मुद्दा एकच, बोलणं वेगळं. एकाला म्हणाल्या, "तुझ्या सणाला चौदा वर्षं शिंपीणबाई कामावर आलीय. मोज हवं तर." एकीला काहीच म्हणाल्या नाहीत, तिच्या आजारी मुलाची चौकशी केली. तिने स्वतःच पेन मागितलं.

कागद त्या अंगावर बाळगायच्या. खिसा आता सारखा थोपटायच्या.

मग काकूंच्या घरी फोन येऊ लागले. पलीकडून कुणी बोलायचं नाही. आई दर वेळी म्हणायची, "मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं." इमारतीसमोर एक पांढरी गाडी उभी राहू लागली. आत दोघे. इंजिन चालू. काकू एका सकाळी गाडीजवळ गेल्या आणि काचेवर टकटक केली. काच खाली झाली.

"तेल जाळताय उगाच," काकू म्हणाल्या. "वर या, चहा घ्या."

काच वर गेली.

हे त्यांनी मला हसत सांगितलं. सांगताना त्या माझ्या टेबलावरच्या मोजलेल्या चादरी पुन्हा मोजत होत्या. तीनदा मोजल्या. तीन वेगळे आकडे आले.

"काकू, थांबूया का?" मी विचारलं.

"मला झोप लागत नाही, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "जिन्यात पाऊल वाजलं की उठून कडी बघते. पण रकाना माझ्या हातचा आहे गं. तो दुसरं कोण खोडणार?"

शनिवारी, वीस तारखेला, सव्वीस सह्या होत्या.

अकराच्या सुमाराला दोन माणसं लाँड्रीत आली. सुपरवायझर पुढे, ते मागे. त्यांनी पिवळा पट्टा बुटांसकट ओलांडला. आमच्यातल्या एकीने सवयीने "अहो, हात..." असं म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला.

काकू माझ्या टेबलापाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून कागद काढला, उशीच्या अभ्र्यांच्या गठ्ठ्यात सरकवला आणि वर दोन अभ्रे ठेवले.

"हे मोजून ठेव," म्हणाल्या.

"साहेबांना तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत," त्यातला एक म्हणाला.

"पाळी दोनला संपते."

"आत्ता."

काकूंनी अंगावरचा एप्रन काढला, घडी करून टेबलावर ठेवला. बॉयलरवाला दारात आला होता. सगळी मशीनं चालू होती. आम्ही सदतीस जण नव्हतो तिथे, सकाळच्या पाळीचे बाराच होतो. बारापैकी कुणी जागचं हललं नाही. मीही नाही. हे मला नोंदवून ठेवायचं आहे.

संध्याकाळी त्या घरी आल्या नाहीत. मी पोलीस ठाण्यात गेले. नोंदवहीत पाहून तिथला माणूस म्हणाला, बाईंना पाच वाजता सोडलं. बाहेर जाताना सही केली आहे. तिथून घर वीस मिनिटांवर आहे. रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. मी प्रत्येक दुकानात विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. एक बाई म्हणाली, "मी काही पाहिलं नाही." मी तिला अजून प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हा त्या माणसाने ओळखण्याची खूण विचारली.

अध्यक्षांनी फोन उचलला. ऐकून घेतलं. म्हणाले, "तू तरी सांभाळून राहा." नंतर उचलला नाही.

आईंना मी सांगितलं. सांगितलं म्हणजे, काकू आल्या नाहीत एवढंच सांगितलं.

"युनियनची मीटिंग लांबली असेल," आई म्हणाल्या.

आज सकाळी मी चहा घेऊन गेले. त्यांची प्रार्थना चालू होती. मी उभी राहिले. काय म्हणायचं ते मला माहीत होतं, पण ते वाक्य माझं नाही. चहा निवला. प्रार्थना संपल्यावर आई म्हणाल्या, "कोण आहे?"

कागद माझ्याकडे आहे. कुठे ते लिहीत नाही. उद्या दुपारी बाराला तो ऑफिसात द्यायचा आहे. द्यायचा की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. सव्वीस सह्यांचा कागद दिला तर ज्यांची नाही त्या बारांतले ते सहा कोण, हे आणखी ठळक दिसेल का? की सव्वीस पुरेत? काकू असत्या तर "हं" म्हणाल्या असत्या, लांब की आखूड हे मला ओळखता आलं असतं.

सत्ताविसापासून बत्तिसापर्यंतच्या ओळींपुढे त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे. दोघांपुढे 'आजारी, घरी जाणे' असं आहे. तिघांपुढे 'रात्रपाळी, सुटताना गाठणे'. तेहतीस ते अडतीस ओळी कोऱ्या आहेत, त्या शिंपीणबाईंच्या आणि बाकीच्या पाच जणांच्या. सकाळी शिंपीणबाई मला म्हणाल्या, "किती झाल्या?" मी म्हटलं, "सव्वीस." त्या म्हणाल्या, "बत्तीस झाल्या की सांगा." आणि मशीनवर जाऊन बसल्या.

सत्ताविसाव्या ओळीपुढे लिहिलं आहे, 'बॉयलर. सोमवारी पुन्हा विचारणे.'

काल सोमवार होता. मी बॉयलरच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते.